कैदेचा दिवस मोजायचा कसा? लोणावळ्याचा बंगला आणि कायद्याची दोन घड्याळं

मावळावर बोलायचं म्हटलं की ओघानं लोहगड-विसापूर येतात, कार्ल्या-भाज्याची लेणी येतात, बोरघाटातली रेल्वे येते. आज यातलं थोडंच येणार आहे. आज आपण कायद्यातल्या काळाबद्दल बोलणार आहोत. प्रश्न दोनच आहेत. पहिला, गुन्हा घडल्यावर किती दिवसांनी सरकारला खटला भरता येतो? त्याला काही मुदत आहे का? आणि दुसरा, माणूस तुरुंगात नाही पण मोकळाही नाही, घरात नाहीतर घरासारख्या जागेत पहाऱ्याखाली आहे, तर ते दिवस शिक्षेत धरायचे की नाही?

हे प्रश्न वकिलांचे वाटतात. पण ज्याच्या आयुष्यातले ते दिवस असतात त्याच्यासाठी यापेक्षा मोठा प्रश्न नसतो. आणि या दोन्ही प्रश्नांचा धागा लोणावळ्यातून जातो, म्हणून हा विषय मावळच्या व्याख्यानात घेतला.

किल्ल्यावरचा माणूस

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे नजरकैद हा शब्द जुना आहे. पेशवाईत मोठ्या माणसाला शिक्षा करायची तर त्याला बेड्या घालून कोठडीत टाकण्याऐवजी वाड्यात किंवा किल्ल्यावर ‘ठेवत’. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. नोकरचाकर होते, पूजाअर्चा चालू होती, फक्त दरवाजा ओलांडायची मोकळीक नव्हती. किती वर्षं? त्याचा आकडा कुठेच ठरलेला नव्हता.

मावळातला लोहगड घ्या. नाना फडणवीसांची या किल्ल्यावर मदार होती, त्यांचा खजिनाही इथे असे. १३ मार्च १८०० ला नाना गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या जिऊबाई या अगदी कोवळ्या वयाच्या. त्यांनी पुढे याच लोहगडाचा आश्रय घेतला. दुसऱ्या बाजीरावाच्या भीतीनं त्या खाली उतरू शकत नव्हत्या, आणि शेवटी इंग्रजांच्या मध्यस्थीनं त्या पनवेलला गेल्या. आता बघा, त्यांच्यावर आरोप नव्हता, शिक्षा नव्हती, पण मोकळीकही नव्हती. गडाला तटबंदी असते ती शत्रूला बाहेर ठेवायला. पण आतल्या माणसाला आत ठेवायलाही तीच पुरते.

म्हणजे जुन्या व्यवस्थेत कैदेला बहुतेक वेळा मुदत नसे. धन्याची मर्जी फिरली की सुटका. इंग्रज आले आणि शिक्षेला आकडा आला: सहा महिने, दीड वर्ष, सात वर्षं. ही मोठी गोष्ट होती, ती नाकारायचं कारण नाही. पण त्यांनी एक पळवाटही स्वतःसाठी ठेवली. १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन. त्याखाली खटला न भरता माणूस अडकवून ठेवता येई. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाला, आणि सरदार घराण्यातल्या नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली उचललं. आरोपपत्र नाही, खटला नाही, १८९९ मध्ये सुटका. त्यांनी काढलेले दिवस कशातून वजा करायचे? शिक्षाच नव्हती, तर वजाबाकी होणार कशी? हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

नानावटी: चारशे सत्त्याण्णव दिवस

आता लोणावळ्याकडे येऊ. लोणावळ्याचं आणि नौदलाचं नातं १९४५ पासूनचं. त्या वर्षी इथे ‘शिवाजी’ ही नौदलाची अभियांत्रिकी शिक्षणसंस्था सुरू झाली, ती आजही आहे. पण आपली गोष्ट सुरू होते मुंबईत, २७ एप्रिल १९५९ ला. नौदलातले कमांडर कावस माणेकशॉ नानावटी यांनी आपल्या पत्नीचा मित्र प्रेम आहुजा याच्यावर त्याच्या घरी गोळ्या झाडल्या. तिथून ते नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे गेले, आणि मग पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे हजर झाले. खटला, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं केलेला प्रचार, आठ विरुद्ध एक असा ज्यूरीचा ‘निर्दोष’ निकाल, हे सगळं तुम्हाला सिनेमांमुळे माहीत आहे. आपण त्यात शिरत नाही. आपण फक्त एक प्रश्न विचारू: हा माणूस या काळात राहत कुठे होता?

तुरुंगात नाही. नौदलानं कळवलं की आम्ही आमच्या माणसाला आमच्या कोठडीत ठेवायला तयार आहोत, आणि दंडाधिकाऱ्यांनी ते मान्य केलं. मुंबईत ‘कुंजाली’ या नौदलाच्या तळावर त्यांची स्वतंत्र कोठडी होती, तिथे नानावटी राहिले. खटला चालू असताना तिथेच. ज्यूरीनं निर्दोष म्हटल्यावर सत्र न्यायाधीश मेहता यांनी तो निकाल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तेव्हाही तिथेच.

११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयानं त्यांना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली. आता तरी साध्या तुरुंगात रवानगी व्हायला हवी होती. पण त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या १६१ व्या कलमाखाली आदेश काढला: सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, अट एवढीच की आरोपीनं नौदलाच्या कोठडीत राहावं. न्यायालयाचं वॉरंट घेऊन शेरीफ गेले, आणि ते बजावता येत नाही असा शेरा मारून परत आले. पंतप्रधान नेहरूंनी संसदेत सांगितलं की राज्यपालांना हा सल्ला आपणच दिला. देशभर गहजब झाला.

५ सप्टेंबर १९६० ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं निर्णय दिला. प्रकरण आमच्यापुढे असताना शिक्षा स्थगित करायची की नाही हे आम्ही ठरवू, त्या मुदतीत राज्यपालांचा आदेश चालणार नाही. मग नानावटी आर्थर रोडच्या तुरुंगात गेले. गंमत म्हणजे दरम्यान १ मे उजाडून गेला होता. खटला सुरू झाला मुंबई राज्याविरुद्ध आणि संपला महाराष्ट्र राज्याविरुद्ध. २४ नोव्हेंबर १९६१ ला अपील फेटाळलं गेलं आणि जन्मठेप कायम झाली.

आता आपण हिशोब करू. २७ एप्रिल १९५९ ते ११ मार्च १९६० हे ३१९ दिवस. तिथून ५ सप्टेंबरपर्यंत १७८. एकूण ४९७ दिवस. पहिला एखादा दिवस पोलिसांकडचा सोडला तर हे सगळे दिवस आपल्याच गणवेशातल्या लोकांच्या पहाऱ्यात गेले. ते शिक्षेत धरायचे का? त्या वेळी लागू असलेल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं उत्तर साधं होतं: नाही. कुणाचेच नाही. नौदलाची कोठडी सोडा, येरवड्यात कच्चा कैदी म्हणून घालवलेले दिवसही शिक्षेतून आपोआप वजा होत नसत. न्यायाधीशाला वाटलं तर तो शिक्षा ठरवताना त्याचा विचार करी, नाहीतर नाही.

लोणावळ्याचा बंगला

१९६३ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून नानावटींना पॅरोल मिळाला आणि ते लोणावळ्यातल्या एका बंगल्यात राहायला आले. थंड हवा, धुकं, आजूबाजूला मुंबईकर पारशी, गुजराती, भाटिया शेठ मंडळींचे बंगले. लोणावळ्याला अशी माणसं नवी नव्हती. आजारातून उठायला, हवापालटाला इथे येणं ही जुनीच रीत. फरक इतकाच की हा पाहुणा जन्मठेपेचा कैदी होता.

या बंगल्यातल्या दिवसांचं काय? १९५९ सालीच मुंबई राज्यानं फर्लो आणि पॅरोलचे नियम केले होते. त्यातला भेद फार बोलका आहे. फर्लो म्हणजे ठरावीक काळ तुरुंगात काढलेल्या कैद्याला मिळणारी रजा, तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल म्हणजे आजारपण, मृत्यू, अडचण अशा कारणासाठी तात्पुरतं बाहेर सोडणं, त्याचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. म्हणजे सर्वसाधारण नियमानं लोणावळ्याच्या बंगल्यातला प्रत्येक दिवस हा शिक्षेच्या बाहेरचा दिवस. घड्याळ थांबलेलं.

पण हा हिशोब कुणाला मांडावाच लागला नाही. मार्च १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. सोबत भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही. आयातीच्या परवान्यांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती. दोन समाजांच्या भावना सांभाळायच्या तर दोन माफ्या एकत्र द्याव्यात, असा तो तोल होता. नानावटी १९६८ मध्ये कॅनडाला गेले. गोळ्या झाडल्यापासून माफीपर्यंत पाच वर्षांना महिनाभर कमी एवढा काळ गेला, आणि त्यातला प्रत्यक्ष तुरुंगातला भाग त्याहून बराच कमी.

याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवू. पुण्याचे गोपाळ गोडसे. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप, अटक १९४८ ची. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली की मी मिळवलेली सूट आणि काढलेले दिवस यांची बेरीज करा, ती वीस वर्षांच्या वर जाते, मला सोडा. १२ जानेवारी १९६१ ला न्यायालयानं उत्तर दिलं: जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सुटीचे दिवस कितीही साठले तरी सरकारनं शिक्षा कमी केल्याशिवाय सुटका हा हक्क होत नाही. गोडसे सुटले ऑक्टोबर १९६४ मध्ये, म्हणजे नानावटींना माफी मिळाली त्याच वर्षी, पण सोळा वर्षांनंतर. पाठोपाठ त्यांना भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा स्थानबद्ध केलं, आणि साधारण वर्षानं ते बाहेर आले.

या दोन गुन्ह्यांची तुलना आपण करत नाही, ती होऊही शकत नाही. आपण तुलना करतो ती मोजण्याच्या पद्धतीची. ज्याच्या मागे नौदल, वृत्तपत्र, पंतप्रधान असतात त्याला हिशोबाची वही उघडावी लागत नाही. वही लागते बाकीच्यांना. म्हणून ती कायद्यात लिहिलेली असावी लागते.

१९७४: दोन्ही घड्याळं एकदम

आणि ती लिहिली गेली. १ एप्रिल १९७४ ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, म्हणजे नानावटींच्या माफीनंतर दहा वर्षांनी. या संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आणि याच संहितेत दोन नव्या गोष्टी आल्या. ४२८ वं कलम: खटल्याच्या तपासात, चौकशीत, सुनावणीत आरोपी जितके दिवस अडकून पडला तितके दिवस त्याच खटल्यातल्या शिक्षेतून वजा. आणि ४६८ वं कलम: ठरावीक मुदतीनंतर न्यायालय गुन्ह्याची दखलच घेणार नाही.

आधी वजावटीचं बघू. संसदेच्या संयुक्त समितीला दिसलं होतं की गरीब माणसं कच्चे कैदी म्हणून इतके दिवस आत राहतात, की शेवटी होणारी शिक्षा त्याच्या एका तुकड्याएवढी असते. म्हणून हे कलम. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यांना १९७४ च्या आधी शिक्षा झाली पण अजून ती भोगताहेत, त्यांनाही ही वजावट मिळेल. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात बहुमतानं निर्णय झाला की आरोपी एकाच वेळी दोन खटल्यांत कोठडीत असेल तर ते दिवस दोन्हीकडे वजा होतील.

पण दोन ठिकाणी अडलं. एक, प्रतिबंधक स्थानबद्धता. १९७७ मध्ये आंध्र प्रदेशच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की स्थानबद्धतेचे दिवस ‘त्याच खटल्याच्या तपासातले’ नसतात, म्हणून वजा होणार नाहीत. नातू बंधूंचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं, तो हा. ऐंशी वर्षांनंतरही तेच उत्तर. दोन, जन्मठेप. १९८२ मध्ये न्यायालयानं म्हटलं की जन्मठेपेला मुदतच नाही, मग दिवस कशातून वजा करणार?

आणि इथे आपल्या गोष्टीतला एक माणूस परत येतो. १९६० मध्ये उच्च न्यायालयात नानावटींच्या विरोधात सरकारची बाजू मांडली ती यशवंत विष्णू चंद्रचूड या सरकारी वकिलांनी. पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकलेले. पुढे ते सरन्यायाधीश झाले. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना, १६ एप्रिल १९८५ ला, भगीरथ खटल्यात घटनापीठाचा निकाल त्यांनीच लिहिला. १९८२ चा निर्णय त्यांनी उलटवला. जन्मठेप हीसुद्धा मुदतीचीच कैद आहे, ती मुदत किती हे आधी सांगता येत नाही एवढंच. तेव्हा जन्मठेपेच्या कैद्यालाही कच्च्या कैदेचे दिवस मिळाले पाहिजेत. ज्या वकिलानं देशातली सर्वांत गाजलेली जन्मठेप मिळवली, त्यानं पंचवीस वर्षांनी सगळ्या जन्मठेपवाल्यांच्या वहीत पहिल्या दिवसापासूनचे दिवस जमा केले. मग प्रत्यक्ष सुटका कधी, हे सरकारच्या हातात राहिलं, ते वेगळं. तरी मोजणी अटकेपासून सुरू होते हे ठरलं.

दुसरं घड्याळ: खटल्याची मुदत

आता मुदतीकडे. इंग्रजी परंपरेत राजाला काळ आडवा येत नाही. गुन्हा कितीही जुना होवो, खटला भरता येतो. १८९८ च्या संहितेतही सर्वसाधारण मुदत नव्हती. मुदती होत्या त्या वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या, आणि त्यातल्या काही कुणासाठी होत्या ते बघा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या १६१ व्या कलमानं पोलिसानं अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांच्या आत खटला भरायला हवा, सरकारची मंजुरी असेल तर दोन वर्षं. म्हणजे नागरिकाविरुद्ध मुदत नाही, पोलिसाला मात्र आहे! यावर सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या प्रकरणात १९६६ मध्ये लगाम घातला. कबुलीसाठी मारहाण करणं, डांबून ठेवणं हे कर्तव्यच नाही, तेव्हा या मुदतीची ढाल तिथे चालणार नाही.

१९७४ पासून सामान्य माणसालाही मुदत मिळाली. फक्त दंडाचा गुन्हा असेल तर सहा महिने. एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष. एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षं. त्याच्या वरच्या गुन्ह्याला मुदत नाही. नानावटींवर वीस वर्षांनी खटला भरला असता तरी चालला असता.

मावळातलंच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात भुशी धरणावर, धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. तो आदेश मोडला तर गुन्हा किरकोळ, कैद फार तर काही महिने, म्हणून मुदत एक वर्ष. त्या वर्षात अधिकाऱ्यानं तक्रार न्यायालयात नेली नाही, तर पुढे सहसा काही होत नाही. सहसा म्हणतो, कारण ४७३ व्या कलमानं न्यायाच्या हितासाठी न्यायालय उशीर माफ करू शकतं. आणि मुदत मोजायची ती तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत, न्यायाधीशानं फाईल उघडल्याच्या तारखेपर्यंत नाही. हे २०१३ मध्ये घटनापीठानं पक्कं केलं. न्यायालयाच्या ढिलाईची किंमत फिर्यादीनं का मोजायची, हा त्यामागचा विचार.

आता जरा गंभीर उदाहरण. मावळानं आंदोलनं खूप पाहिली आहेत. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले, ते इथला कुणी विसरलेला नाही. त्या घटनेवर निवाडा देणं हे आपलं काम नाही. पण कुठल्याही रास्ता रोकोनंतर जी कलमं लागतात त्यांच्या मुदती बघा. जुन्या दंडसंहितेत बेकायदा जमाव: कैद सहा महिने, मुदत एक वर्ष. दंगा: कैद दोन वर्षं, मुदत तीन वर्षं. खुनाचा प्रयत्न: मुदतच नाही. आणि ४६८ व्या कलमाचं तिसरं उपकलम सांगतं की अनेक गुन्हे एकत्र चालवायचे असतील तर मुदत सर्वांत जड गुन्ह्याची. म्हणजे फिर्याद लिहिताना एक जड कलम जोडलं की सगळं घड्याळ बंद पडतं. शेतात, कामावर, पोराच्या लग्नात, तो माणूस वर्षानुवर्षं आरोपीच राहतो. मुदतीचा कायदा वाचताना कोष्टक पाठ करून भागत नाही, फिर्यादीत कुठलं कलम लावलंय ते आधी वाचायचं.

नौदलाचा कायदा १९५७ चा. त्यात लष्करी न्यायालयापुढच्या खटल्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. पण बंड आणि पळून जाणं यांना नाही. लोणावळ्याच्या ‘शिवाजी’वरच्या प्रत्येक नाविकाला हा नियम लागू. भूदलात वजावटीचं काय, यावर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ४२८ वं कलम लष्करी न्यायालयाच्या शिक्षेला लागू नाही. मग १९९२ मध्ये संसदेनं भूदलाच्या कायद्यातच वजावटीचं वेगळं कलम घातलं. न्यायालयानं बोट दाखवलं, संसदेनं भोक बुजवलं, असं व्हायला हवं. नजरकैदेच्या बाबतीत ते अजून झालेलं नाही.

घर हीच कोठडी

शेवटचा टप्पा. ८ जानेवारी २०१८ ला पुण्यात विश्रामबाग पोलीस ठाण्यात एल्गार परिषदेसंबंधी गुन्हा दाखल झाला. २८ ऑगस्टला गौतम नवलखा यांना दिल्लीत अटक झाली, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासह पाच जणांना घरीच नजरकैदेत ठेवायला सांगितलं. १ ऑक्टोबरला दिल्ली उच्च न्यायालयानं ती संपवली. चौतीस दिवस. पुढे १४ एप्रिल २०२० ला ते राष्ट्रीय तपास संस्थेपुढे हजर झाले. नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क असतो. त्यांचा हिशोब असा: नजरकैदेचे ३४, तपास संस्थेच्या कोठडीतले ११, न्यायालयीन कोठडीतले ४८. बेरीज ९३. चौतीस धरले तर जामीन, नाही धरले तर तुरुंग.

त्या खटल्याच्या गुणदोषांत आपण जाणार नाही. १२ मे २०२१ चा निकाल मात्र नीट वाचण्यासारखा आहे. न्यायमूर्ती लळित आणि न्यायमूर्ती जोसेफ यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, नजरकैद ही कोठडी असू शकते. वय, प्रकृती, गुन्ह्याचं स्वरूप बघून न्यायालय १६७ व्या कलमाखाली तसा आदेश देऊ शकतं. दुसरी, पण २०१८ मधली नजरकैद त्या कलमाखाली दिलेली नव्हती, म्हणून हे चौतीस दिवस धरणार नाही. नियम मान्य झाला, पण तो मागणाऱ्याला उपयोग झाला नाही. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकृतीमुळे त्यांना नवी मुंबईत नजरकैद मिळाली, आणि मे २०२४ मध्ये जामीन देताना पहाऱ्याच्या खर्चापोटी वीस लाख रुपये भरायला सांगितलं गेलं. तुरुंगाच्या भिंतीचा खर्च सरकारचा, घराच्या दारावरच्या पहाऱ्याचा खर्च आतल्या माणसाचा!

बाहेर काय आहे? इटलीत खटल्यापूर्वीची घरातली कैद ही कायद्यानंच कोठडी मानली आहे, दिवसाला दिवस. इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्यानं मधला मार्ग काढला. पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून दिवसाचे किमान नऊ तास घरात राहायला लावलं, तर दोन दिवसांमागे एक दिवस शिक्षेतून वजा. कुठला बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण दोन्हीकडे आकडा आधी लिहिलेला आहे. आरोपीला पहिल्या दिवशी माहीत असतं की आजचा दिवस पूर्ण, अर्धा की शून्य.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खटल्याच्या मुदतीचं कलम आता ५१४ झालं. आणि जुनं ४२८, म्हणजे वजावटीचं कलम, त्याला नवा क्रमांक मिळाला ४६८. वकिलांची आता गफलत होते, ४६८ म्हटलं की जुना माणूस मुदत समजतो, नवा वजावट. क्रमांक बदलले, पण नजरकैदेबद्दल नव्या संहितेत एक ओळ नाही.

आमचं मत आम्ही सरळ सांगतो. न्यायालयानं २०२१ मध्ये नजरकैद ही कोठडी असू शकते म्हटलं आहे, तर ती वजावटीसाठीही कोठडीच धरली पाहिजे. दार ओलांडायची बंदी आणि दारात पोलीस, एवढ्या दोन गोष्टी असतील तर भिंत कुणाच्या मालकीची हे बघायचं कारण नाही. यावर आक्षेप येतो की घरातली कैद ही ज्यांच्याकडे घर आहे त्यांचीच चैन. आक्षेप खोटा नाही. आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना नजरकैद कुणी देणार नाही. लोणावळ्यात बंगला असणाऱ्यांना ती मिळेल. पण म्हणूनच ती मर्जीवर सोडू नये. कुणाला मिळू शकते, खर्च कुणी करायचा, दिवस किती धरायचा, हे तिन्ही कायद्यात आलं तर वडगाव मावळच्या न्यायालयात उभा असलेला, दोन खोल्यांच्या घरातला आजारी म्हातारा आरोपीही ती मागू शकेल. आज त्याच्या वकिलाला बोट ठेवायला एक कलमसुद्धा नाही.

शनिवारवाड्यातला रघुनाथराव किती दिवस आत राहणार हे पेशव्याच्या मनात होतं. लोणावळ्यातल्या कमांडरचं दिल्ली-मुंबईच्या मनात होतं. दोघांचेही दिवस कुणी मोजले नाहीत, कारण मोजायची गरज सत्तेला नव्हती. मोजणी ही नेहमी दुबळ्याची गरज असते. पुढच्या व्याख्यानात येरवडा तुरुंगाच्या इतिहासाकडे वळू, तिथे याच वह्या जेलरच्या टेबलावर कशा दिसतात ते पाहू. प्रश्न असतील तर आता विचारा.